पिशवीवाला पतंग : घरातल्या भिंतीवरच्या नोंदी

२ जून

विषय पक्का झाला. फेरिओइका युटेरेला. नाव कोणाला माहीत नसतं पण किडा मात्र सगळ्यांनी बघितलेला असतो, बाथरूमच्या भिंतीवर किंवा कपाट सरकवलं की मागे एक चपटी राखाडी, दोन्ही टोकांना निमुळती, अगदी भोपळ्याच्या बीसारखी वस्तू चिकटलेली दिसते, आपण कचरा समजून काढायला जातो आणि तेवढ्यात ती चालायला लागते. आत अळी असते. ती स्वतःची पिशवी सोबत ओढत फिरते.

गंमत अशी की ही अळी सगळ्यांच्या ओळखीची, पण हिचा पुढे जो पतंग होतो तो कोणीच बघितलेला नसतो. म्हणजे बघितलेला असतो, फक्त "काहीतरी चिलट होतं" म्हणून सोडून दिलेला असतो. तर प्रोजेक्ट हाच की पिशवीपासून पतंगापर्यंत सगळे टप्पे फोटोत पकडायचे आणि घरात हा प्राणी नेमका कुठे राहतो, तिथेच का राहतो हे शोधायचं. सामान: मोबाईल, क्लिपवाली मॅक्रो लेन्स, आलेख कागद, झाकणाला बारीक भोकं पाडलेले पारदर्शक डबे, एक भिंग, आणि आर्द्रता मोजायचं छोटं मीटर.

४ जून

आज फक्त नकाशा. टॉर्च घेऊन सगळ्या खोल्यांच्या कडा बघितल्या. कुठे सापडल्या: भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात स्कर्टिंगच्या वर, कपाटाच्या मागे, बाथरूमच्या दाराच्या चौकटीला, माळ्यावर जुन्या बॅगांच्या खाली, जिन्याखाली. कुठे अजिबात नाहीत: ऊन येणारी गॅलरीची भिंत, आणि रोज पुसली जाणारी मोकळी फरशी.

मीटर सगळीकडे फिरवलं. जिथे हवा दमट तिथे पिशव्या, हे पटकन दिसतं. पण फक्त ओल असून भागत नाही असं दिसतंय, कारण सिंकच्या खालचा कप्पा चांगला दमट आहे आणि स्वच्छ आहे, तिथे एकही नाही. जिन्याखाली मात्र गर्दी. तिथे काय आहे जास्तीचं? कोळिष्टकं. जुनी, धूळ बसून काळी पडलेली, ज्यातला कोळी कधीच निघून गेलाय अशी.

हा धागा धरून ठेवायचा. कोळ्याच्या उरलेल्या जाळ्या ह्या अळीचं मुख्य खाणं आहे असं वर्णनांत आहेच, पण ते नकाशावर उमटलेलं बघणं वेगळं. कपाटामागच्या सगळ्या पिशव्या जाळीच्या हातभर अंतरात होत्या.

५ जून

पिशव्यांचे क्लोजअप. मोठ्यातली मोठी आलेख कागदावर १३ मिमी भरली, रुंदी मधोमध ४ च्या आसपास. वर्णनांत ८ ते १४ मिमी लांब आणि ३ ते ५ मिमी रुंद दिलंय त्यात बसते.

भिंगाखाली एकदम वेगळंच जग आहे. बाहेरून जे एकसारखं राखाडी वाटतं ते खरं तर वाळूचे कण, भिंतीच्या रंगाचे पापुद्रे, कापडाचे तंतू, किड्यांच्या विष्ठेचे गोळे, कुठेतरी मुंगीच्या पायाचा तुकडा, असं सगळं रेशमाने एकत्र बांधलेलं आहे. जिन्याखालची पिशवी तांबूस दिसते कारण तिथल्या लोखंडी पत्र्याचा गंज तिच्यात आलाय, आणि बाथरूमजवळची पांढरट, चुन्याच्या कणांची. म्हणजे कोणती पिशवी कुठली हे मी आता डबा न बघता सांगू शकते. छपून राहायचं कौशल्य वगैरे आपण म्हणतो, पण इथे वेगळं काही करायलाच लागत नाही, ज्या जागी राहते त्याच जागेचा कचरा अंगावर असतो, मग ती दिसणार कशी.

एक रिकामी पिशवी ब्लेडने उभी कापली. आतून पांढरं शुभ्र, गुळगुळीत, नुसतं रेशीम. बाहेरचा कण एकही आत टोचत नाही.

६ जून

आज अळी. डब्यात ठेवल्यावर बराच वेळ हललीच नाही, मग एका टोकातून गडद तपकिरी डोकं बाहेर, त्यामागे छातीचा भाग, त्यावर पण गडद पट्टे, सहा पाय. एवढंच बाहेर येतं. बाकीचं अंग पांढरट, मऊ, ते पिशवीतच राहतं, पोटाखालच्या आखूड पायांना बारीक आकडे असतात त्यांनी ती आतल्या रेशमाला धरून ठेवते. चालते म्हणजे पुढचे सहा पाय रोवते, अंग आखडते, पिशवी पुढे येते. परत तेच.

आणि हिची सगळ्यात भारी गोष्ट, पिशवीला दोन दारं आहेत. दोन्ही सारखीच. मी पेन्सिलने पुढचं टोक अडवलं तर ती आत गेली, मधल्या फुगीर भागात वळली आणि मागच्या टोकातून डोकं काढून उलट्या दिशेने चालू पडली. मधला भाग रुंद का असतो याचं उत्तर मिळालं. पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हा प्रश्न तिच्यापुरता निरर्थक आहे.

डिवचलं की ती आत जाऊन दाराची खालची कड आतून वर ओढून घेते आणि ते टोक इतकं घट्ट बसतं की चिमट्याने पण उघडत नाही (जास्त जोर लावला नाही, प्रोजेक्ट आहे, दरोडा नाही).

९ जून

घरी विचारणा झाली की ह्या कपडे खातात का. रास्त प्रश्न आहे, कारण हिचं कुटुंब टिनिडी, म्हणजे कपडे खाणाऱ्या पतंगांचंच. तीन हजारांवर जाती आहेत ह्या कुटुंबात आणि बऱ्याच जणांचा पाना-फुलांशी काही संबंधच नाही, बुरशी, कुजकं लाकूड, पिसं, केस, असलं खाणारी मंडळी. त्यातले दोघे कपड्यांमुळे बदनाम. एक टिनिओला बिसेलिएला, तिची अळी पिशवी घेऊन फिरत नाही, लोकरीवरच रेशमाचे बोगदे विणून राहते. दुसरी टिनिया पेलिओनेला, तिला पिशवी असते पण ती नळीसारखी गोल, चपटी नाही. आपली चपटी. हा फरक लक्षात ठेवला की निम्मी ओळख तिथेच होते.

झाडावर काटक्यांच्या पिशव्या लटकलेल्या दिसतात त्या तर अजून वेगळ्या, सायकिडी कुटुंबातल्या, त्यांच्यात बऱ्याच जातींच्या माद्यांना पंखच नसतात. फोटो बघून लोक हमखास गल्लत करतात.

चार डब्यांत चार खाणी ठेवली: सुती दोरा, लोकरीचा दोरा, मेलेले डास, कोळिष्टक. बघू.

१३ जून

सुती दोरा जसाच्या तसा. लोकर कुरतडलीये, तंतू अर्धवट तुटलेत. डासांचं पोट पोखरलंय. कोळिष्टकाचा डबा जवळपास साफ.

म्हणजे नियम सरळ आहे, प्राणिज प्रथिन हवं. कोळ्याचं रेशीम, केस, लोकर, मेलेले किडे हे सगळं त्यात येतं, कापूस म्हणजे सेल्युलोज, तो नको. लोकरीतलं केराटिन नावाचं प्रथिन पचवणं तसं सोपं काम नाही, त्यात गंधकाचे जोड असतात ते तुटत नाहीत सहजासहजी, कपडे खाणाऱ्या टिनिओलाच्या आतड्यात त्यासाठी खूप अल्कधर्मी वातावरण असतं आणि ते जोड तोडायची रासायनिक सोय असते. पण आमच्या पाहुणीला लोकर खायची वेळ क्वचितच येते, तिला जाळी आणि केस-धूळ पुरते. लोकरीचे कपडे कपाटात घडी करून वर्षभर न हलवता ठेवले आणि कपाट दमट असेल तर मात्र सांगता येत नाही. घरी हेच सांगितलं, फारसं समाधान झालं नाही.

एक बाजूची नोंद: दोन अळ्या एकाच डब्यात होत्या, त्यातल्या एकीने रिकाम्या पिशवीचं टोक खाल्लंय. रेशीमच ते, तिला काय फरक.

१६ जून

रंगांचा प्रयोग. कल्पना माझी नाही, जुनी आहे, अठराव्या शतकात रेओम्यूर नावाच्या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने कपडे खाणाऱ्या अळ्यांना एका रंगाच्या लोकरीवरून दुसऱ्या रंगाच्या लोकरीवर हलवलं होतं आणि पिशवीवर रंगांचे पट्टे उमटलेले बघून ती कुठे कुठे वाढवते ते शोधलं होतं. काय साधी युक्ती आहे. मी लोकरीऐवजी खडूची पूड घेतली, आधी निळी.

२१ जून

निळा रंग दोन्ही टोकांना! मधे काही नाही. अळीने दोन्ही दारांशी नवीन कडा बांधल्यात, एका बाजूला जरा जास्त. आता पिवळी पूड टाकली आहे. लहान पिशव्या घेतल्या होत्या ते बरं झालं, मोठ्या आता बांधकाम करतच नाहीत, नुसत्या खातात आणि पडून राहतात.

पूर्ण वाढ होईपर्यंत अळी सहा-सात टप्प्यांतून जाते, प्रत्येक वेळी कात टाकते आणि अंग वाढलं की घर वाढवावंच लागतं. म्हणजे पिशवीचा मधला भाग सगळ्यात जुना आणि टोकं सगळ्यात नवी. झाडाच्या खोडासारखं मोजता येईल का? नाही येणार बहुतेक, सगळं एकाच धुळीचं असतं, रंग बदलत नाही.

ह्या निमित्ताने एक आठवण, पाण्यात राहणाऱ्या कॅडिसफ्लाय नावाच्या किड्यांच्या अळ्या पण खडे आणि काड्या रेशमाने जोडून अशाच नळ्या करतात, आणि ते किडे फुलपाखरं-पतंगांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक आहेत. दोघांनाही तोंडापाशी रेशीम काढता येतं, एक पाण्यात गेला एक भिंतीवर आला.

२५ जून

मोठ्यातली एक वर चढली. डब्याच्या उभ्या बाजूवर, झाकणाच्या थोडी खाली, आणि दोन्ही टोकं रेशमाने पक्की चिकटवली. संध्याकाळपर्यंत हालचाल बंद.

भिंगाने बघितलं तर एका टोकाच्या दोन्ही कडांना बारीक चीर दिलेली आहे त्यामुळे ते टोक जास्त चपटं झालंय आणि दोन ओठ मिटल्यागत बसलंय. हे कोष होण्याआधीचं काम आहे. पतंगाला कुरतडायला जबडे नसतात, मग बंद पिशवीतून तो बाहेर येणार कसा, तर अळी असतानाच दार तयार करून ठेवायचं, आतून ढकललं की उघडेल आणि बाहेरून काही शिरणार नाही असं. आणि स्वतः त्या दाराकडे तोंड करून कोषात जायचं. दोन दारांच्या पिशवीत पुढचं-मागचं पहिल्यांदा इथे ठरतं.

भिंतीवर उंच, छताजवळ ज्या पिशव्या अगदी स्थिर चिकटलेल्या दिसतात त्या बहुतेक अशाच असणार. नकाशावर त्या वेगळ्या खुणेने दाखवायच्या. राहण्याची जागा खाली, कोष करायची जागा वर.

कोषावस्था सरासरी १६ दिवस, ११ ते २३ असा पल्ला दिलेला आहे.

३ जुलै

काही नाही. पिवळा रंग पण टोकांनाच.

७ जुलै

जिन्याखालून आणलेल्या एका डब्यात पतंगाऐवजी छोटी काळी माशी. माशी नाही, गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली, ब्रॅकोनिड. अळीच्या अंगात अंडं घालणारे परजीवी. अपँटेलिस कार्पाटस नावाची जात अशा पिशवीवाल्या आणि कपडे खाणाऱ्या अळ्यांवर येते हे नोंदलेलं आहे, अळी कोषात जायच्या आधीच मारली जाते. ही तीच आहे असं मी लिहिणार नाही, फोटोवरून एवढं बारीक ठरवता येत नाही, कुटुंबापर्यंत ठीक. पण एवढी घट्ट बंद होणारी पिशवी असून पण ती सापडतेच कोणाला तरी.

११ जुलै

आला! दुपारी बारा वाजायला आले असताना. अ‍ॅनेट आयेलो यांनी १९७९ मध्ये पनामातल्या अळ्यांवर सविस्तर पेपर लिहिला होता, त्यांची जात ह्याच गोत्रातली (जीनसमधली) अल्युटेला, त्यात पण पतंग दुपारच्या सुमारास बाहेर येतात असं आहे म्हणून सकाळपासून डबा टेबलावरच ठेवला होता. चिरलेल्या टोकातून आधी कोष अर्धा बाहेर सरकला, मग फाटला, आणि एक ओलसर राखाडी जीव बाहेर येऊन वर चढून बसला. पंख पाव तासाच्या आत पूर्ण पसरले. मग थोडा वेळ पाठीवर उभे धरून बसला आणि शेवटी ते दोन्ही बाजूंनी उतरते करून अंगाशी घेतले. कोषाचं रिकामं टरफल पिशवीच्या तोंडात तसंच अर्धं लटकलेलं आहे. भिंतीवर असं टरफल दिसलं की समजायचं आतला गेला.

आता दिसायला कसा:

सगळा करडा-राखाडी. पंख मिटलेले असताना जेमतेम ५ मिमी लांबीचा जीव. पुढच्या पंखांवर गडद ठिपके, फार ठसठशीत नाहीत, प्रत्येक पंखावर जास्तीत जास्त चार असतात असं वर्णन आहे, मला तीन स्पष्ट दिसले आणि एक असल्यासारखा वाटतो. मागच्या पंखांच्या कडेला फिक्या राखाडी लांब केसांची झालर. हे केस म्हणजे पण खवलेच, बारीक लांब झालेले. डोक्यावर विस्कटलेले दाट केस, हे टिनिडी कुटुंबात बऱ्याच जणांत दिसतं आणि ओळखायला एकदम कामाचं, कारण बाकी कितीतरी बारीक पतंगांचं डोकं गुळगुळीत खवल्यांचं असतं. सोंड नाही म्हणावी इतकी अविकसित. हा आता काही खाणार नाही, जे खायचं ते अळीने खाऊन ठेवलंय.

हा बहुतेक नर, लहान आणि बारीक आहे. पंखांचा पसारा मादीत १० ते १३ मिमी असतो, नर त्याहून लहान.

फोटो काढताना तो उडला आणि खोलीच्या कोपऱ्यात गेला, उडतो बरा पण मनापासून नाही, जरा अंतर गेला की बसतो. बसला कुठे तर कोळ्याच्या जाळीवर. अडकला नाही. निवांत बसला. घरकोळ्यांच्या जाळीवर हे पतंग बसलेले आढळतात असं वाचलं होतं आणि मला ते जरा अतिशयोक्त वाटायचं, पण आज फोटो आहे. ज्या जाळीवर अळी असताना जगायचं त्याच जाळीवर पतंग होऊन बसायचं, आणि जाळीची मालकीण तिकडे दुसऱ्या टोकाला.

१४ जुलै

दुसऱ्या डब्यातून मादी आली, चांगली दांडगी. दोघांना एका डब्यात ठेवलं, तळाला थोडी धूळ आणि कोळिष्टक.

फोटो अपलोड करायच्या आधी नावाचा गुंता लिहून ठेवते. १८९७ मध्ये लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांनी वेस्ट इंडीजच्या बारीक पतंगांच्या अभ्यासात ही जात युटेरेला म्हणून वर्णन केली, तेव्हा गोत्र वेगळं होतं. हा माणूस पण अजब, बारीक पतंगांचा जगातला मोठा संग्राहक, अडीच लाखांहून जास्त नमुने शेवटी ब्रिटिश म्युझियमला गेले, आणि तोच माणूस १८८८ मध्ये एका दिवसात १०७० ग्राउज पक्षी मारल्याबद्दल पण प्रसिद्ध आहे. पुढे ह्याच पतंगाला त्याच्या नावाने वॉल्सिंगहॅमी असं वेगळं नाव मिळालं, ते नंतर युटेरेलात जमा झालं. फेरिओइका हे गोत्र १९५६ मध्ये हिंटन आणि ब्रॅडली यांनी केलं. शेजारी अल्युटेला आहेच, जवळपास तशीच दिसणारी. प्रेअ‍ॅसिडीस नावाच्या गोत्रातली अळी पण चपटी पिशवी करते. नक्की जात ठरवायची तर पतंगाचे जननेंद्रियांचे भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. मी ते करणार नाहीये, त्यामुळे माझ्या सगळ्या फोटोंवर ओळख "फेरिओइका" एवढीच जाईल, आणि नेटवर प्रत्येक भिंतीवरच्या पिशवीला बिनधास्त युटेरेला म्हणणाऱ्यांनी पण जरा तेच करावं. नोंदीच्या पहिल्या दिवशी मी जे नाव लिहिलंय ते कामापुरतं नाव समजायचं.

१७ जुलै

अंडी. अर्धा मिमी पण नाहीत, ०.४ च्या आतली, फिकट निळसर झाक, मऊ. डब्याच्या तळाला जिथे कडा मिळते तिथे धुळीला चिकटवलेली. घरात पण अशीच जागा, भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात, कचऱ्यावर. एक मादी आठवडाभरात दोनशेपर्यंत घालू शकते आणि मग मरते. नर आधीच मेला होता.

३० जुलै

अंडी फुटली. अळ्या इतक्या बारीक की मोबाईलने धड फोकस होत नाही, पांढरा ठिपका आणि त्याला काळपट टोक एवढंच. पण पहिलं काम काय, तर घर. सगळ्या अळ्यांनी लगेच कण गोळा करायला घेतले. आधी एक कमान बांधतात, दोन्ही पाय जमिनीला टेकलेली, वाळूचा कण, रेशीम, परत कण. मग ती कमान खालून बंद करत आणतात, आणि पुरी झाली की जमिनीपासून सुटी करून घेऊन चालायला लागतात. हे व्हिडिओत नीट आलंय, पूर्ण प्रोजेक्टमधलं सगळ्यात चांगलं फुटेज हे.

८ ऑगस्ट

नकाशा पूर्ण केला. राहण्याच्या जागांचा नमुना आता स्पष्ट आहे: दमट हवा, प्राणिज कचरा आणि महिनोन्‌महिने कोणी न हलवलेली जागा, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तिथेच हा पतंग. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे एखादा कोपरा अडीच महिन्यांत एकदा तरी साफ झाला तर तिथे कोणाचं आयुष्य पुरं होत नाही. उन्हाची गॅलरी आणि स्वच्छ सिंक रिकामं का होतं ते पण यातच आलं. कीटकनाशक फवारायचं डोक्यात असेल तर सहसा गरज नाही, जाळी आणि केस काढा, कपाटामागे हवा खेळती ठेवा, पिशव्या झाडूने किंवा व्हॅक्यूमने उचला, संपलं. चावत नाहीत, पिकाला-झाडाला काही करत नाहीत.

जिन्याखालचा कोपरा मात्र अजून झाडायचा नाही असं घरी कबूल करून घेतलंय, मुदत दिवाळीच्या सफाईपर्यंत नाही, त्याच्या बऱ्याच आधीची मिळाली आहे, पण नवीन पिढीच्या दोन काती बघायला पुरेल. उद्याचं काम: नवीन अळ्यांना लाल पूड, पहिल्या दिवसापासून, म्हणजे निदान ह्यांच्या पिशव्यांवर तरी जुना भाग कुठला आणि नवा कुठला हे वाचता येईल. आणि लहान डब्यांना जास्त बारीक भोकांची झाकणं शोधायची आहेत, आत्ताच्या भोकांतून ह्या आरामात निघून जातील.